सदाचा लेक

शरणपूरच्या मिशन दवाखान्यात बायडाबाई औषधाची रिकामी बाटली घेऊन रांगेत बसली होती. पुढच्या बाकावर मुलीचा बाप शद्रक मास्तर आणि मुलाचा बाप लूकस यांची जुंपली होती. लग्नाची शेवटची जाहिरात रविवारी ख्रिस्ती देवळात वाचायची होती; कुणाची हरकत असेल तर ती तेव्हाच घ्यायची.

“लूकसराव, तुमचा पोरगा म्हणतो, प्रभू बेथलेहेमात जन्मला तेव्हाच देवाचा पुत्र झाला. मी भर देवळात हरकत घेणार!”

“घ्या. पण मी त्याला काय सांगितलं ते तर ऐका.”

“सांगा.”

“म्हटलं, तू झालास त्या दिवशी मी बाप झालो. आदल्या दिवशी मी नुसता लूकस होतो.”

“अहो, म्हणजे ही शिकवण तुमचीच!”

“दम धरा, मास्तर. म्हटलं, देव कधी नुसता होता का? तो सदाचा बाप, म्हणून लेकही सदाचा. बेथलेहेमात त्या लेकानं माणसाचा देह घेतला, एवढंच.”

बायडाबाईचा नंबर आला. तिनं मागच्या बाईला पुढं जाऊ दिलं.

“पोराला पटलं?”

“पटलं. पण सासऱ्याला भिऊन पटलं असं लोक म्हणतील, म्हणून गप्प आहे.”

“रविवारी त्याला माझ्या बाकावर बसवा.”

“लग्नाआधीच सासऱ्याच्या बाकावर?”

“हो. विश्वासांगीकारात सगळ्यांबरोबर ‘सर्व युगांच्या आधी पित्यापासून जन्मलेला’ म्हणताना त्याचा आवाज खाली जातो का, ते मला ऐकायचंय.”