उतारावरची जीप

हसू नका राव, पण बेल्ह्याच्या बाजारात मी एका भल्या म्हाताऱ्याला चोर म्हटलंय. त्याची जुनी जीप मी विकत घेतली होती. बॅटरी कमजोर, म्हणून आमच्या डिंगोऱ्यात घरापुढच्या उतारावर लावायचो. ढकलावं न लागता चालू व्हायची. रोज सकाळी तिथंच पट्टी काढून ऑइल बघायचो, तर कमीच. मग ओत थोडं. महिन्याभरात गाडी नुसता धूर ओकायला लागली.

जीप घेऊन थेट बेल्ह्याच्या बैलबाजारात म्हाताऱ्यापुढं गेलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "ऑइल पिणारं इंजिन गळ्यात मारलंस! चोर हायस तू!"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "पाच मिन्टं इंजिन बंद ठेवा, भाऊ." मग त्यानं स्वतः पट्टी काढली. ऑइल खुणेच्या बोटभर वर!

"घरी गाडी लावता कुठं?"

"उतारावर," मी पुटपुटलो.

लोक कान टवकारून उभे. म्हातारा त्यांच्याकडं वळला. "उतारावर ऑइल एका अंगाला जातं, पट्टीला लागत न्हाई. मग जादा ओतलं जातं, अन् गाडी धूर ओकते. सपाटीवर बघायचं, हे सांगायचं राह्यलं. चूक माजीच हाय."

मी मान खाली घातली. कारण गाडी देताना त्यानं ते सांगितलं होतं. दोनदा.