काकूंच्या हॉलमधला फोटो

कॅमेऱ्याचं म्हणाल, तर दोन हजार पाच साली माझ्याइतका अभ्यास इथे कॅलिफोर्नियात, अख्ख्या फ्रीमाँटमध्ये कुणी केला नसेल. तीन महिने रिव्ह्यू वाचले. बजेट बेताचं, म्हणून सगळ्यात स्वस्त डिजिटल बॉडी आणि पन्नास एमएमची साधी लेन्स घेतली. झूम नाही, पण कमी उजेडातही फोटो झकास.

आणि आमच्या शेजारचा मंदार? एका शनिवारी सहज दुकानात गेला आणि हातभर लांब झूम लावलेला महागडा कॅमेरा घेऊन आला. असा जळलो ना मी!

गणपतीला सुधाकाकूंकडे दोघंही कॅमेरे घेऊन गेलो. काकूंनी त्याचा बघितला, माझा बघितला. "मंदार, फोटो तू काढ. आणि तू रे, आरतीचं ताट धर."

आरतीला काकूंनी लाइट मालवले आणि मंदारचे फोटो हललेले यायला लागले. कानाशी येऊन म्हणतो, "यार, तुझी ती छोटी लेन्स दे ना. आपली कंपनी एकच आहे, बसेल." माझ्या हातात ताट. त्याने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याची लेन्स काढलीसुद्धा!

मग मूर्तीशेजारी उभं राहून त्याने माझा फोटो काढला. काकूंनी तो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. येईल त्याला सांगतात, "मंदारने काढलाय हो! आणि याची नजर बघा, देवावरून हलत नाहीये. काय ती भक्ती!"

नजर हलत नव्हती, हे खरंय. पण देव जरा डावीकडे होता. मी माझ्या लेन्सकडे बघत होतो.