सासऱ्यांचा डोसा आणि माझ्या स्प्रिंग्ज

माझी गाडी वळणावर कशी चिकटून जाते, असं सारखं विचारता ना? मग हेही ऐका. लोअरिंग स्प्रिंग्ज घ्यायला गेलो तेव्हा दुकानात दोन सेट होते. एक गाडी थोडी खाली आणणारा, दुसरा बरीच. मी दुसरा घेतला. बायकोला एवढंच सांगितलं की सर्व्हिसिंग केलं.

मग नागपूरहून सासरे आले. अंगाने चांगले भरदार. स्टेशनवरून जे. पी. नगरला घरी येताना पहिल्याच हंपवर गाडीचं पोट खर्रकन घासलं.

सासरे म्हणाले, "नितीनराव, माझ्या वजनाने झालं हो. थांबा, मी उतरतो."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मागे बायको बसली होती, म्हणून गप्प राहिलो. घरापर्यंत प्रत्येक हंपला ते उतरले, चालत पुढे गेले आणि "फार त्रास देतोय तुम्हाला" म्हणत परत बसले.

रविवारी तसेच उतरत-चढत बसवनगुडीला डोसा खायला गेलो. लोण्याने चमकणारा डोसा समोर आला, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही घ्या. मला परत गाडीत बसायचंय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, तुमचं वजन नाही हो. स्प्रिंग्ज मी बदलल्या. गाडी मीच खाली केलीय."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. सासरे रागावले असते तरी चाललं असतं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे आल्यापासून मी रात्रीचा भात सोडलाय, तो उगाचच?"