किती बेडरूम लागतील?

—थांबा, थांबा, उत्तर देऊ नका. मी विचारलं खरं, 'किती बेडरूम लागतील?' म्हणून, पण ते सवयीनं तोंडातून जातं हो. चौदा वर्षं घरं विकतेय, कुणी नुसतं हॅलो म्हटलं तरी मी बेडरूम विचारते. तुम्ही उत्तर देऊ नका. ओठ मिटा. हां. आता घराकडे बघा. गाडीतूनच बघा, बाहेर नाक गळून पडेल. छान आहे ना? पुढे व्हरांडा, मागे तळं, तळ्यात उतरायला लाकडी धक्का. सध्या बर्फाखाली आहे, पण आहे. फेब्रुवारीत आमचं तळं फार देखणं दिसतं, म्हणून मी तळ्याकाठची घरं फेब्रुवारीत दाखवते. ऑगस्टमध्ये? ऑगस्टमध्ये मी लोकांना गावाच्या दुसऱ्या टोकाला नेते. तुम्हाला कशाला सांगायला हवं, डॉक्टर किंटाना, तुमची तर सगळी हयात त्यावरच चाललीय. सकाळी तुमच्या व्याख्यानाला होते मी, मागच्या रांगेत. हो, मी! कॉफी फुकट असते, आणि ज्याला घर विकायचं तो माणूस आधी बघून घ्यावा. मला कळलं ते असं, की तुम्ही कॉम्प्युटरमध्ये एक तळं बांधता, त्यात मक्याच्या शेतातलं खत सोडता, आणि कुठल्या आठवड्यात शेवाळानं त्याचं वाटाण्याचं सूप होईल ते सांगता. बरोबर? तुम्ही म्हणालात, ऑगस्टचा दुसरा आठवडा. मी मनात म्हटलं, चुकली बिचारी, तिसरा. आणि लगेच तुम्ही म्हणालात, वारा दक्षिणेचा राहिला तर तिसरा. तिथं मला तुम्ही आवडलात. नाहीतर मी हे काही बोलले नसते.

काय बोलतेय? अजून कुठं काय बोलले मी. हे घ्या, टर्कीचं सँडविच आहे, खाऊन घ्या. नाही, खाच. संध्याकाळी निवड समितीबरोबर जेवण आहे ना तुमचं? तिथं तुम्हाला कुणी जेवू देणार नाही. सात जण असतात, आणि तुम्ही घास तोंडात घातला की सातांपैकी एकाला प्रश्न सुचतो. माणसं आपली मासा संपवतात, ॲपल पाय खातात, वर तुमच्या ताटाकडे बघून म्हणतात, 'फारच कमी जेवता तुम्ही!' सातांत एक बाई असते. बिचारी वनस्पतीशास्त्रातून उसनी आणतात, दर वेळी तीच. समितीत एक बाई पाहिजे असा नियम आहे आणि यांच्याकडे स्वतःची नाही. नाही म्हणजे नाहीच! तुम्ही ते पत्रक बघितलं असेल, 'स्त्रियांनी आवर्जून अर्ज करावेत' — त्यावर फोटो आहे, तीन बायका कॉम्प्युटरभोवती उभ्या, एक पडद्यावर बोट ठेवून काहीतरी समजावतेय? त्यातली मधली ऑफिसची कॅरल. उजवीकडची कॅरलची वहिनी, तिला न्यायला आली होती. आणि ती बोट ठेवणारी — हो. मीच. किल्ल्या द्यायला गेले होते. म्हणाले, आर्लीन, जरा इथं उभी राहा आणि काहीतरी दाखव. मी दाखवलं. काय होतं पडद्यावर कुणास ठाऊक, जेवणाच्या सुट्टीचं वेळापत्रक असावं. तीन वर्षं झाली, देशभरच्या पोरी माझ्या बोटाकडे बघून अर्ज करतायत.

हसलात! चला, एक तरी आवाज निघाला. किती गप्प हो तुम्ही. मी तुला तूच म्हणते आता, मरीसोल, चालेल ना? माझी धाकटी तुझ्याएवढी आहे, मिलवॉकीला असते, तीही अशीच. विचारलं तर मान हलवते, आणि कुठल्या दिशेला हलवली ते फोनवर कळत नाही.

तर बेडरूम. असं बघ — समितीला तुला काही गोष्टी विचारता येत नाहीत. लग्न झालंय का, मुलं आहेत का, व्हायचीत का, नवरा काय करतो, तो इथं येईल का. कायदाच आहे तसा. विचारलं तर विद्यापीठाचा वकील धावत येतो. सकाळपासून कुणी विचारलं? नाही ना. सगळे कसे तळ्यावर बोलतात. आणि मग दुपारी दोन तास कार्यक्रमात लिहिलेले असतात, 'गावाची ओळख'. गावाची ओळख म्हणजे कोण? म्हणजे मी. गाडी माझी, पेट्रोल त्यांचं. आणि मला कायदा लागू नाही, मी काय, घरं दाखवणारी बाई. मी विचारते किती बेडरूम, शाळा जवळ हवी का, गॅरेज एका गाडीचं की दोन, आणि माणूस घडाघडा सांगतो. घर बघताना कुणी खोटं बोलत नाही गं. डॉक्टरकडे बोलतील, पाद्र्यापुढे बोलतील, पण रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहिलं की खरं बाहेर पडतं — इथं त्याची खुर्ची ठेवू, तिथं आईसाठी खाट टाकू.

आणि मग — आता हे मी ऐकलेलं सांगतेय हां — मग म्हणे विभागप्रमुखाचा फोन जातो. कुणाला? त्या घर दाखवणाऱ्या बाईला. सहज. 'काय, आवडलं का गाव पाहुण्यांना? कसलं घर बघतायत?' बस, एवढंच. त्यात बेकायदा काय आहे? आपल्या पाहुण्याची चौकशी केली, झालं. आणि ती बाई सांगते. भाबडी असते बिचारी. बोलायला आवडतं तिला.

असं बघू नकोस माझ्याकडे.

बरं, मीच. या गावात घरं दाखवणारी दुसरी आहे कोण? जॉयस होती, ती ॲरिझोनाला गेली. आणि मला काय मिळतं त्यातून? काही नाही. म्हणजे, जो नवा प्राध्यापक येतो त्याला हॅल माझं नाव देतो. हॅल हॅल्वर्सन, तोच विभागप्रमुख, सकाळी पहिल्या रांगेत डोळे मिटून बसला होता तो. झोपला नव्हता, डोळे मिटून ऐकतो तो, प्रमुख झाल्यापासून. तर तो माझं नाव देतो, आणि दुसऱ्या कुणाचं देत नाही, इतकंच. याला काही चहाडी म्हणत नाहीत. मला वाटायचं, मी शिफारस करतेय! खरंच सांगते. तीन वर्षांमागे विनिफ्रेड चू म्हणून एक मुलगी आली होती व्हँकुव्हरहून. मातीवर काम होतं तिचं, जमीन किती कार्बन धरून ठेवते त्याचं गणित. हेच घर दाखवलं मी तिला. जिन्याशेजारची लहान खोली आहे ना, पूर्वेची खिडकी असलेली, तिथं दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'इथं पाळणा मावेल.' स्वतःशीच म्हणाली. मला इतका आनंद झाला! परत सोडताना हॅलचा फोन आला तर मी ओरडूनच सांगितलं, हॅल, ही राहणार! चार बेडरूम हव्यात तिला, पाळण्याची जागासुद्धा बघून ठेवली!

तो म्हणाला, 'हं.'

पुढच्या आठवड्यात डग आला. कॅन्ससचा, उंच, जोरात हस्तांदोलन करणारा. हेच घर. तीच खोली. त्याच्या बायकोला जुळं होणार होतं, तोही म्हणाला, चार बेडरूम. मी हॅलला सांगितलं, तर यावेळी हॅल काय म्हणाला? 'वा! स्थिर माणूस दिसतो.' घर तेच, खोली तीच, पाळणे उलट दोन! नोकरी डगला. आणि स्थिर डग दीड वर्षात टेक्ससला तेलवाल्यांच्या कंपनीत गेला, तिघांना आणि कुत्र्याला घेऊन. घर परत माझ्याकडे. तेव्हापासून रिकामं आहे. मी दर पंधरवड्याला येऊन पाण्याचे पाइप गोठले नाहीत ना बघते, आणि त्या खोलीचं दार लावून घेते. का? वारा येतो म्हणून.

तर पोरी, लक्षात आलं ना आता? म्हणून गप्प राहा म्हटलं. तू तर आधीच गप्प आहेस, पण बोटं बोलतात तुझी. गाडीत बसल्यापासून बघतेय, अंगठ्यानं तिसऱ्या बोटाचं मूळ चाचपतेस आणि तिथं काही नाही. कुणीतरी सांगितलं ना तुला, अंगठी काढून ठेव म्हणून? शहाणं माणूस असणार. लग्नाला किती महिने झाले — नको, नको, सांगू नकोस! मला माहीतच नसलं म्हणजे बरं.

चल, निघू या. साडेतीनला तुला विभागात पोचवायचंय, आणि हॅल बरोब्बर पोचायच्या आधी फोन करतो, म्हणजे समितीत बसताना ताजी बातमी हाताशी. आज मी त्याला काय सांगणार ते ऐकायचंय? एक बेडरूम. 'हॅल, तिला एक बेडरूम पुरे, आणि तळघरात कॉम्प्युटर ठेवायला जागा.' नवरा? कसला नवरा, तिला मांजरसुद्धा नको. आणि वर सांगेन, गावची दफनभूमी विचारत होती, म्हणाली जागा आधी राखून ठेवता येते का! यापेक्षा स्थिर माणूस कोण असणार? हसतेस काय, मी चौदा वर्षं ओल लागलेली तळघरं 'उबदार' म्हणून विकली आहेत, मला हे काय जड आहे. यंदा तर त्यालाही घाई आहे. नवी डीन आलीय, इनग्रिड म्हणून, बाई आहे, आणि फार कागद मागते. ज्याला नाकाराल त्याला का नाकारलं ते लिहून द्या म्हणते. त्यामुळे एक बेडरूमवाली बाई मिळाली तर हॅल उडी मारेल. तू नोकरी घे, नंतर बेडरूम काय हव्या तेवढ्या घे. सहा घे!

ही आली इमारत. इथंच थांबते, दारासमोर. वर बघ, दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. उभा आहे बघ, फोन काढतोय. बघ हां, आता माझा वाजेल — बघ! शू. बोलू नकोस.

हॅलो, हॅल! हो, खालीच आहोत. अरे छान झाली ओळख गावाची. आवडलं, हो, बर्फ आवडलं म्हणाली. घर? हो, विचारलं ना मी. ऐक तर, गंमतच आहे, तिला — अगं! अगं, काय करतेस? दे तो इकडे — हॅल, एक मिनिट हां — मरीसोल, फोन दे! नको, अगं, त्याच्याशी नको —

...

बोललीस.

दोन तास माझ्या गाडीत बसलीस, एक शब्द नाही. आणि तोंड उघडलंस ते कुणाशी! 'प्रोफेसर हॅल्वर्सन, चार.' चार! 'ऑक्टोबरमध्ये लग्न झालं, नवरा सुतार आहे, तो कुठंही येईल, आणि आम्हाला मुलं हवी आहेत. मिसेस सोर्बींना तुम्ही हेच विचारायला सांगितलं होतं ना? पाच मिनिटांत वर येतेच, राहिलेलं समितीसमोर विचारा.' असं बोलतात का? एवढ्या थंड आवाजात? तळ्यावर बोलत होतीस त्याच आवाजात! मी एवढी छान दफनभूमी तयार ठेवली होती!

वर बघ. बसला. हॅल बसला. उठला. पडदा ओढतोय — अगं, त्या खिडकीचा पडदा गेली सहा वर्षं ओढला जात नाही.

थांब. थांब जरा. म्हणजे आता त्याला माहीत आहे. आणि त्याला माहीत आहे हे तुला माहीत आहे. आणि मला. आता तुला नाही म्हणायचं तर डीनला लिहून द्यावं लागणार, का नाही म्हणून. आणि काय लिहिणार तो? तळ्याचं गणित चुकलं? ते तर चुकलेलं नाही, वारासुद्धा बरोबर होता. अगं पोरी! अगं, त्याला धरलंस की तू खिंडीत! गप्प बसून बसून हे शिजत होतं होय डोक्यात?

पण माझं नाव कशाला घेतलंस? 'मिसेस सोर्बींना' म्हणे. आता तो मला एक गिऱ्हाईक तरी पाठवील का? चौदा वर्षं! बोल ना आता. आता का गप्प?

काय? डीनला सांगशील का — मी? मी सांगू? विनिफ्रेडचं? आणि डगचं? सगळं?

नाही. अजिबात नाही. मला घर आहे, दार आहे, साठी उलटलीय माझी. मी घरं दाखवते, मी कशाला असल्या भानगडीत पडू? कोण विचारतंय मला? ती व्हँकुव्हरची मुलगी आता कुठं असेल तेही माहीत नाही मला. शिकवते का, काय करते. एक पत्रही कधी... मी कुठल्या तोंडानं पाठवणार पत्र.

तू उतर बाई. उतर माझ्या गाडीतून. तुझी वेळ झाली, वर सात जण वाट बघतायत, आणि त्या वनस्पतीवालीच्या शेजारी बस, ती बरी आहे. बॅग घे. ओव्हरकोट घे. सँडविचचा तुकडा राहिलाय तोही घे. डीनचं ऑफिस? तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. तुला कशाला हवंय, तू वर जा. आणि मला इथं उभं राहता येत नाही, सुरक्षावाला येऊन काचेवर टकटक करतो.

जा म्हटलं ना! तू हो पुढे. मी गाडी लावून येते.