दत्तराव सरदारांची पंगत

न्हाई पण माणसानं हसावं किती, त्याला काई माप हाय का न्हाई? पिच्चर कधीच उतरला, पोस्टरं शेळ्यांनी खाल्ली, तरी झरीच्या स्टँडवर आमचे दत्तराव दिसले की रिकामटेकडे अजून बोटं चाटून दाखवायलेत. जीप थांबती, आतून कुणीतरी वरडतंय, ‘सरदार, जेवण झालं का?’ आन् दत्तराव खाली मान घालून समोरच्या दुकानात शिरतेत, मंग ते दुकान बांगड्यांचं का असंना. तुमाला सांगतो, मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत, सगळं माझ्या डोळ्यादेखत घडलेलं. दत्तरावांचं काय चुकलं, ते तुमीच सांगा.

झालं असं की गेल्या साली जिंतूरच्या पुढं माळावर पिच्चरवाले आले. जुन्या जमान्यातली मोहब्बत, लय पैसा लावलेला, प्लायवूडचा महाल, झुंबरं, राजकन्या, तलवारी, हत्तीबी हुता, म्हणजे पुढचा अर्धाच हुता, मागचा कंप्युटरवर जोडणार हुते म्हणे. आन् गाणी? गाणी वरातीतल्या डीजेची! दोनशे वर्षांपूर्वीचा शिलेदार, अंगात अंगरखा, कपाळाला गंध, आन् राजकन्येला म्हणायलाय ‘बेबी’... त्या अर्ध्या हत्तीलाबी लाज वाटली असंल. दरबारात हुभं राहायला माणसं लागत हुती, दत्तरावांच्या मिशा बगून त्यांना घेतलं, पागोटं बांधलं, कमरेला लाकडी तलवार खोसली, झाले सरदार.

सीन काय, तर राजकन्येचं लग्न तिच्या मनाविरुद्ध एका म्हाताऱ्याशी लागायलंय, शेवटचं मंगलाष्टक संपायलंय, आन् ‘सावधान’ म्हणलं की शिलेदार घोड्यावर येतो आन् गाणं म्हणतो. उलटी टोपी घातलेला डायरेक्टर कर्ण्यातून सांगायलाय, ‘देखो भाई, सावधान बोला की सब पुतला. कोई हिलेगा नहीं.’ दत्तरावांनी ऐकलं. नीट ऐकलं. पण मला सांगा, आपल्याकडं शेवटच्या सावधानाला जन्मात कुणी हुभं राहिलंय का? अक्षता हातातून सुटायच्या आधी पाय पंगतीकडं वळतेत, नवरा-नवरी काय, मागनंबी बगता येतेत, पहिल्या पंगतीतली जागा मागनं मिळत न्हाई. आन् ह्या शहाण्यांनी तिथंच, खांबांच्या मागं, दुसऱ्या सीनसाठी पंगत मांडून ठेवलेली. खऱ्या पत्रावळी, खरी बुंदी. दत्तराव पहाटेपासून उपाशी. सावधान झालं, अक्षता उडाल्या, घोडा आत आला, आन् आमचे दत्तराव तलवार सावरत पळाले... त्यांचं बगून मागं अजून कोण कोण पळालं. मांडी घातली, पानाभोवती पाणी फिरवलं, पहिला घास घेतला. आता ह्यात दत्तरावांचं काय चुकलं, तुमीच सांगा.

त्यांना वाटलं आता शिव्या बसतेत. तर डायरेक्टर म्हणला, ‘रहने दो, नॅचरल है.’ दत्तरावांनी त्याचा अर्थ लावला की आपलं काम लय भारी झालं.

मंग मंजुषाचं जमलं. दत्तरावांची एकुलती एक पोरगी. व्याही जिंतूरचे नागेशराव, शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, माणसाच्या कपड्याची घडी मोडत न्हाई आन् चेहऱ्याचीबी न्हाई. सुपारी फुटली, चहा आला, आन् त्या भरात दत्तराव बोलून गेले, ‘मी पिच्चरमधे सरदार हाय.’ व्याहीण सुलाबाई खूश, ‘अगं बाई, मंग सगळ्यांनी मिळून बगायचा.’ नागेशराव नुसते चहाच्या कपात बगत राहिले. दत्तरावांच्या मालकिणीनं, कडूबाईनं, सैपाकघरातून डोळे वटारले, पण शब्द तोंडातून गेला हुता.

परभणीला टॉकीजमधे दोन्ही घरं एका रांगेत बसली. आला तो सीन. शिलेदार छाती पिटून गायलाय, राजकन्येच्या डोळ्यातून एकच थेंब निघालाय, आन् दोघांच्या बरोबर मधी, खांबामागं, आमचे दत्तराव. तेबी साधे न्हाई, संथ गतीनं! घास उचलला... तोंड उघडलं... बुंदीचा दाणा मिशीत अडकला... जिभेनं हुडकला... न्हाई सापडला... परत हुडकला... इकडं गाण्यात ढोल वाजायलेत आन् तिकडं त्याच ठेक्यावर ह्यांचा जबडा चालायलाय. टॉकीज नुसतं उसळलं. मागून कुणीतरी म्हणलं, ‘अरे, वाढा रे सरदाराला.’ सुलाबाईनं तोंडात पदर कोंबला. मंजुषानं बापाकडं एकदा बगितलं आन् परत बगितलंच न्हाई.

लोक हसले त्याचं काई वाटलं न्हाई ओ दत्तरावांना. पण पोरीचं ते न बगणं... दत्तराव मला म्हणले, ‘त्या टायमाला वाटलं, खुर्चीखाली शिरावं आन् तिथंच राहावं. आपल्या दोन घासापायी लेकराचं लग्न मोडायलंय.’ कारण सगळं टॉकीज हसलं, नागेशराव हसले न्हाईत. पिच्चर सुटला तसे तडक जीपमधे जाऊन बसले.

सकाळी नागेशराव एकटेच झरीला हजर. दत्तरावांना वाटलं, सोयरीक मोडायला आले. दोघं गोठ्यामागं गेले. आता मी काई मुद्दाम ऐकलं न्हाई, मी आपली बादली हुडकायलो हुतो, पण भिंतीला भिंत म्हणल्यावर कानावर पडणारच. दत्तरावांनी हात जोडले. ‘व्याही, मला काय म्हणायचं ते म्हणा, पोरीला त्याची सजा देऊ नका.’

नागेशरावांनी गोठ्याच्या दोन्ही अंगाला बगून घेतलं. मंग हळूच म्हणले, ‘तुमच्या डाव्या अंगाला पाठमोरा बसलेला मानूस बगितला का? शेजाऱ्याच्या पानातली बुंदी उचलायला हुता, त्यो.’

‘न्हाई बा.’

‘मी हाय त्यो. घरी सांगितलं हुतं संस्थेची मीटिंग हाय. हिरोईन जवळून बगायची हुती, म्हणून मीबी पागोटं बांधून दरबारात हुभा राहिलो. तुमी पळाले, तुमच्या मागं मी पळालो. लग्न ठरल्यालं हाय तसंच हुईल, पण हे कुणाला सांगू नका. तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई.’

तुमच्यात जिंतूरचं कुणी न्हाई ना? बरं.

लग्न ठरल्या तारखेला लागलं. शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, आन् तुमाला सांगतो, मांडवातलं एक मानूस पंगतीकडं पळालं न्हाई. सगळे मोबाईल वर करून दत्तरावांकडं बगायलेले. दत्तराव जागच्या जागी पुतला. तेवढ्यात नागेशराव कडक इस्त्रीत पुढं आले, दत्तरावांच्या खांद्यावर हात टाकला आन् आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणले, ‘आमच्या व्याह्यांना आधी वाढा रे, न्हाई तर परत हिरोच्या मागं जाऊन बसतेल.’

मांडव हसून हसून आडवा. सुलाबाई डोळे पुसायल्या. सगळ्यात मोठ्यांदा कोण हसलं असंल? नागेशराव. दत्तरावांनी एकदा त्यांच्या डोळ्यात बगितलं, ओठापर्यंत आलेलं गिळलं, हात जोडले आन् हसले. न हसून काय करतेत? पोरीचे बाप हायेत.