सारिकेच्या नावाचं गाऱ्हाणं

साहेब, तुम्ही माणसाची चूक माणसाला सांगत नाही, देवाला सांगता. काल कसालच्या स्टॉपवर तुमच्या हॉटेलातल्या दोघी माझ्यापुढे रांगेत होत्या. सारिका टेबलावर वाढते, सेलिना खोल्या आवरते.

"सगळ्या स्टाफसमोर देवापुढे नारळ ठेवून साहेबान माझ्या नावाचा गाऱ्हाणा घातल्यान गो. 'बा देवा म्हाराजा, ही सारिका गिऱ्हायकांशी धड वागणा नाय, हिका सुबुद्धी दी. नायतर ह्या महिन्यात हिका घराक धाड.' आणि तुम्ही सगळे, 'व्हय म्हाराजा'."

"माका सांगू नको. साहेब माझ्याकडेच बघी होतो."

"तू किरिस्तांव, सेलिना. तुका तरी गप रवाक येय होता."

"गप रवलंय असतंय तर दुसरो नारळ माझ्या नावाचो."

"मगे मी केबिनीत गेलंय. म्हटला, साहेब, माझा नेमका चुकला काय?"

"साहेब काय म्हणालो?"

"म्हणालो, देवाक सांगून झाला, आता तो बघतलो."

"आणि गाऱ्हाण्याच्या वेळी तू काय म्हटलंस?"

"मी पण 'व्हय म्हाराजा' म्हटलंय."

मालवणची बस आली. सेलिना चढली. सारिका खालीच उभी राहिली.

साहेब, देव अजून तिच्याशी बोललेला नाही. तिला समोर बसवून तुम्ही कधी सांगणार, तिचं काय चुकलं?