पाठ करून बांधलेली कलमं

माझं माहेर हातखंब्याच्या आत, कातळाच्या उघड्या माळावर, सड्यावरच्या वाडीत, आणि माझा बापूस हापूसची कलमं बांधायचा, त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नाय असं बागवालेच बोलायचे, मी नाय बोलत. मडक्यातलं रायवळाचं, म्हणजे गावठी आंब्याचं रोप हापूसच्या फांदीशी न्यायचं, दोघांची साल सुरीनं तासायची, तासलेल्याला तासलेलं चिकटवायचं, वर केळीचं सोपट, म्हंजे खोडाची साल, आवळायचं नि शेणमाती लिंपायची. दोन-तीन महिन्यांत दोघं एकजीव. आता मी हे भडाभडा सांगतेय मास्तर, पण तवा हे कुणी बोलत नसे. बापूस बांधाय बसला की आमच्याकडं पाठ करायचा. आमाला दिसायची ती त्याची पाठ नि हलणारी कोपरं.

दादाला मात्र समोर बसवायचा. सहा-सात वर्सं शिकिवलं त्याला. आणि मला काय, तर तू सोपटं भिजव, शेणमाती मळ. मी बोलले, बाबा, मला पण दाखवा की. तर बोलला, तू उद्या लोकाच्या घरी जाणार, माझा हात तिकडं घेऊन जाशील. काय सांगू तुमाला, असा राग यायचा! आणि गेला कोण, तर दादाच गेला. वाडीतले सगळे जायचे तसा रत्नागिरीच्या बंदरावरनं आगबोटीत बसला नि मुंबईस गिरणीत लागला, दिवसभर तुटकं सूत सांधायचा. बापूस चार दिवस धड जेवला नाय. मनिऑर्डर यायची, नाय असं नाय, पण बापसानं शिकिवलेलं काय मनिऑर्डरीतनं परत येतंय?

मंग बापसाचा हात थरथराय लागला, कलमं मराय लागली. मेलेली माझ्याकडं यायची, चुलीत घालाय. मी काय करायची, आधी सोपट उकलून बगायची. कुठं साल सुटली, कुठं सुरी खोल गेली, कुठं पाणी शिरलं. समोर बसवून कुणी दाखवलं नाय ते मला त्या मेलेल्या कलमांनी दाखवलं. एक दिवस परसातल्या झाडाला गुपचूप एक बांधलं, तर जगलं हो! बापसानं ते फिरून फिरून बगितलं. दुसऱ्या दिवशी सुरी माझ्या पुढ्यात ठेवली. पण आधी देवासमोर शपथ घ्याय लावली, सासरी ही सुरी धरायची नाय. बारा-तेरा वर्सांची पोर मी, घेतली.

लगीन होऊन राजापूरकडं आले, नाटे गावच्या अंगाला. इथला सडा उघडा, नुसतं गवत नि करवंदं, पुरुष मुंबईत नायतर बोटीवर. देवळामागं कुणीतरी लावलेला एकच हापूस. त्याच्याकडं बगत सहा पावसाळे गप्प राहिले. मंग माझी थोरली जाऊ एकदा लाकडाची मोळी टाकून बोलली, आपल्या हाताला काय येतंय गं, नुसती वझी उचलणं. माझ्या जिवाला लागलं ते. म्हटलं पाप लागायचं ते लागो, नि शपथ मोडली. तिला समोर बसवलं, मंग शेजारणी आल्या, त्यांनापण समोर बसवलं. पण धाकधूक होतीच, बापसाला कळलं तर माझं माहेर तुटलं.

नि तो आलाच, दसरा झाल्यावर, लेकीला बगाय. मी देवळामागं जावेला नि शेजारणींना दाखवत व्हते, मान वर करते तर बापूस उभा. सुरी पडली माझ्या हातातनं. जाऊ पदर सावरत उठाय लागली, तर बोलला, बस पोरी, बस. वाकला, कापऱ्या बोटांनी तिचं सोपट चाचपलं नि बोलला, सैल बांधलंयस, पाणी शिरेल. आणि आमा सगळ्या बायकांपुढं मांडी घालून बसला, तोंड आमच्याकडं करून. मी रडले, सांगाय लाज कसली.

आता तो नाय. सड्यावर कलमं हायत, आमच्यातल्या चौघी-पाचजणी बाहेरच्या बागांत बांधाय जातात. तुमी शिकलेली माणसं बोलता कोकणात पैसा नाय, म्हणून माणसं जातात. असेल बाबा. पण इथल्या माणसाला काय येतंय नि ते तो कुणाला शिकवतोय, हे कुणी विचारलं काय कधी?

माझी धाकटी लेक माझ्यापरीस बरं बांधते. यंदा सासरी जाईल, सुखी राहो. तिच्या लुगड्यांच्या गाठोड्यात सुरी घालून देणार हाय मी. शपथ काय घालणार नाय.